आवाजाची सवय होत नाही

प्रस्तावना

जबलपूर म्हटले की नर्मदा, भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाँधार धबधबा डोळ्यांपुढे उभे राहतात. धबधब्याच्या कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला शेजाऱ्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही. परंतु प्रवासी तेथे घटकाभर थांबतो आणि परत फिरतो. याच शहरातील कारखान्यांत आणि कार्यशाळांत अनेक कामगारांना मोठा आवाज पाळीचे आठ तास आणि नोकरीची वीस-तीस वर्षे सोसावा लागतो. यंत्रात हात सापडला तर रक्त दिसते आणि धावपळ होते. कानाला झालेली इजा मात्र दिसत नाही, दुखत नाही आणि बरीही होत नाही. या इजेचे स्वरूप आणि ती टाळण्याचे उपाय प्रस्तुत पाठात सांगितले आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला :

- मोठ्या आवाजामुळे श्रवणशक्ती कशी नष्ट होते, ते सांगता येईल;
- ‘आवाजाची सवय झाली’ या समजुतीतील चूक स्पष्ट करता येईल;
- आवाजाची पातळी आणि कामाचा वेळ यांचा संबंध लावता येईल;
- कारखान्यात आणि लहान कार्यशाळेत करावयाचे उपाय क्रमाने मांडता येतील;
- ‘कान’ या शब्दावरून तयार झालेले वाक्प्रचार योग्य अर्थाने वापरता येतील.

मूळ पाठ

१. यंत्रांचे शहर

जबलपूरच्या औद्योगिक जीवनाला शतकाहून अधिक काळ लोटला आहे. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे तोफांचे गाडे तयार करणारा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १९६९ साली सैन्यासाठी मालमोटारी बनवणारी वाहन निर्माणी स्थापन झाली. २०१९ साली भारतीय सैन्याकडे सोपवण्यात आलेली ‘धनुष’ ही तोफ जबलपूरच्याच गन कॅरेज फॅक्टरीत तयार झाली. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि हे कारखाने नव्या शासकीय कंपन्यांकडे आले. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत.

मोठ्या कारखान्यांच्या भोवती लहान उद्योगांचे जाळे असते. लोखंडी दारे-खिडक्या बनवणाऱ्या कार्यशाळा, मोटारींचे सांगाडे दुरुस्त करणारी दुकाने, खडी फोडणारी यंत्रे, भेडाघाटच्या परिसरात दगड कापणारी व घासणारी चाके ही त्यांची काही उदाहरणे होत. या सर्व ठिकाणी धातूवर धातू आदळतो, दगडावर पाते फिरते किंवा दाबाखालची हवा फुसकारत बाहेर पडते. आवाज हा अशा कामाचा नित्याचा सोबती असतो. तो सोबती असल्यामुळेच त्याच्याकडे कानाडोळा केला जातो.

२. रोग जुना, दुर्लक्षही जुने

हा रोग यंत्रयुगाबरोबर जन्मला असे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. व्हेनिस शहरात तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर दिवसभराच्या ठोक्यांमुळे बहिरे होतात, हेही त्यांनी नोंदवले. पुण्याच्या तांबट आळीसारख्या जुन्या पेठांतून वावरलेल्या माणसाला हे वर्णन परके वाटणार नाही.

१८८६ साली ग्लासगो येथील डॉक्टर टॉमस बार यांनी शंभर बॉयलर-कारागीर, शंभर ओतारी आणि शंभर टपालवाले यांची श्रवणशक्ती तपासली. वाफेच्या बॉयलरचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडणाऱ्या कारागिरांपैकी एकाचेही कान निर्दोष आढळले नाहीत. सभेतील भाषण त्यांपैकी बहुतेकांना नीट ऐकू येत नसे. टपालवाल्यांत मात्र अशी तक्रार करणारे थोडेच होते. शहर तेच आणि काळही तोच होता. फरक होता तो कामाच्या जागेच्या आवाजाचा.

३. कानातील नाजूक कारखाना

आवाज म्हणजे हवेतील कंपने. ती कानाच्या नळीतून आत शिरून कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागे तीन इवलीशी हाडे असतात. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे पडली आहेत. ही हाडे कंपने पुढे ढकलतात. पुढे शंखासारखी वळणे घेत गेलेली, द्रवाने भरलेली एक नळी आहे. तिच्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. कंपनांमुळे त्यांच्या टोकांवरील सूक्ष्म केस हलतात, त्यातून विद्युतसंदेश निर्माण होतो आणि तो मेंदूकडे जातो. तेव्हा माणसाला ‘ऐकू’ येते.

वाऱ्याची झुळूक आली की शेतातील पीक वाकते आणि पुन्हा ताठ होते. वादळ आले की मात्र ते आडवे होते. केशपेशींचेही तसेच आहे. मोठ्या आवाजानंतर विश्रांती मिळाली तर त्या सावरू शकतात. मारा रोजच होत राहिला तर त्या मरतात. शेतात पुढच्या हंगामात नवे पीक उभे राहते, परंतु माणसाच्या कानात मेलेल्या केशपेशीच्या जागी नवी केशपेशी उगवत नाही. म्हणूनच गेलेली श्रवणशक्ती औषधाने किंवा शस्त्रक्रियेने पूर्ववत आणता येत नाही. श्रवणयंत्र आवाज वाढवते, परंतु हरवलेला स्पष्टपणा ते पूर्णपणे परत देऊ शकत नाही.

कानातील बारीक स्नायू मोठ्या आवाजाच्या वेळी आक्रसून थोडाफार बचाव करतात. तथापि घणाचा आघात किंवा तोफेचा बार इतका अकस्मात असतो, की स्नायू आक्रसण्यापूर्वीच तो आत पोहोचतो. सतत चालणाऱ्या घरघरीइतकेच किंवा त्याहूनही अधिक भय अशा तडाख्याच्या आवाजाचे असते.

पाठगत प्रश्न – १

१. कानातील तीन हाडांची नावे लिहा.
२. गेलेली श्रवणशक्ती पूर्ववत का येत नाही?

४. सवय की इजा?

नवा कामगार पहिल्या आठवड्यात घणाच्या प्रत्येक ठोक्याला दचकतो. पाळी संपल्यावर त्याच्या कानात शिट्टीसारखा आवाज घुमत राहतो आणि घरच्यांचे बोलणे कापसाआडून आल्यासारखे वाटते. सकाळपर्यंत कान मोकळे होतात. सहा महिन्यांनी तोच कामगार म्हणतो, “आता सवय झाली.” येथेच फसगत होते. मनाला आवाजाची सवय होते, कानाला होत नाही. दचकणे थांबते, इजा थांबत नाही. काही वर्षांनी आवाज पूर्वीइतका मोठा वाटेनासा झाला, तर कान कणखर झाले असे नव्हे; ते निकामी होऊ लागले आहेत, असे समजावे.

ही इजा चोरपावलांनी येते. सुरुवातीला फक्त उंच स्वराचे बारीक ध्वनी जातात. बोलण्यातील ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ हे स्वर जड आणि ठसठशीत असतात. ते ऐकू येत राहतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने उंच स्वराची असतात. ती आधी पुसट होतात. त्यामुळे माणसाला बोलणे ‘ऐकू येते, पण समजत नाही’. ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ वाटते आणि ‘सात’ म्हटलेले ‘आत’ वाटते. माप सांगताना किंवा यंत्राची कळ दाबण्याची सूचना देताना असा घोटाळा झाला, तर तो केवळ हसण्यावारी नेता येत नाही. मागे येणाऱ्या मालमोटारीचा भोंगा किंवा सहकाऱ्याने दिलेली “बाजूला व्हा!” ही हाक वेळेवर कानी पडली नाही, तर जिवावर बेतते.

घरीही या इजेचे पडसाद उमटतात. दूरदर्शन संच मोठ्याने लागतो. एकच गोष्ट दोनदा विचारली जाते. पत्नीला वाटते, हे मुद्दाम लक्ष देत नाहीत. मुलांना वाटते, बाबा चिडखोर झाले. आणि त्याला स्वतःला वाटते, हल्ली सगळेच पुटपुटत बोलतात. लग्नकार्यात किंवा बैठकीत चार माणसे एकदम बोलू लागली की तो गप्प होतो. पुढे तो अशा ठिकाणी जाणेच टाळतो. काहींच्या कानात रात्रंदिवस गुणगुण चालू राहते. तिला कर्णनाद म्हणतात. शांत रात्री तो अधिकच जाणवतो आणि झोप उडवतो. बहिरेपण कानाला येते, पण एकटेपण साऱ्या आयुष्याला येते.

५. डेसिबलचा हिशेब

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. हातात धरून चालवायचा ग्राइंडर बहुधा ९५ ते १०५ डेसिबल आवाज करतो. तोफेच्या किंवा बंदुकीच्या बाराचा क्षणिक तडाखा १४० डेसिबलच्या पुढे जातो.

डेसिबलची बेरीज नेहमीच्या बेरजेसारखी नसते. ९० डेसिबलची दोन यंत्रे एकत्र चालली तर आवाज १८० होत नाही. तो ९३ होतो. याचाच अर्थ असा, की केवळ ३ डेसिबल वाढले तरी कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट झालेली असते आणि १० डेसिबल वाढले तर ती दहापट होते. म्हणून ‘थोडाच तर जास्त आवाज आहे’ हे म्हणणे फसवे ठरते.

कारखाने अधिनियमाखालील नमुना नियमांनी, कानाला संरक्षण नसताना किती आवाजात किती वेळ काम करता येईल, याची मर्यादा पुढीलप्रमाणे घालून दिली :

| आवाजाची पातळी (डेसिबल) | दिवसातील कमाल वेळ |
|---|---|
| ९० | ८ तास |
| ९५ | ४ तास |
| १०० | २ तास |
| १०५ | १ तास |
| ११० | अर्धा तास |
| ११५ | पाव तास |

११५ डेसिबलपेक्षा अधिक आवाजात संरक्षणाशिवाय क्षणभरही काम करू नये, असेही हे नियम सांगतात. अनेक तज्ज्ञ तर आठ तासांसाठी ८५ डेसिबल हीच सुरक्षित मर्यादा मानतात. आवाज मोजण्याचे यंत्र जवळ नसले तरी एक साधी कसोटी आहे : हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर त्या जागी कानाला धोका आहे.

पाठगत प्रश्न – २

१. १०० डेसिबलच्या आवाजात एक कामगार कानाला संरक्षण न घेता तीन तास काम करतो. हे नियमाला धरून आहे का?
२. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ असे कशामुळे होते?

६. उपायांचा क्रम

आवाजापासून संरक्षण म्हणजे कानात बूच घालणे, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तो शेवटचा उपाय होय. पहिला उपाय आवाजाच्या उगमापाशी करावयाचा असतो. सैल झालेले बोल्ट आवळणे, कोरड्या पडलेल्या बेअरिंगला वंगण देणे, झिजलेले दातेरी चाक बदलणे, हवेच्या नळीच्या तोंडाला आवाजशामक बसवणे, लोखंडी पन्हळीत रबराचे अस्तर लावणे, यंत्राखाली कंपन शोषणारी बैठक घालणे, अशी साधी कामेही आवाज पुष्कळ कमी करतात. नवे यंत्र विकत घेताना किमतीबरोबर त्याचा आवाजही विचारला पाहिजे.

दुसरा उपाय आवाजाच्या वाटेत करावयाचा. गोंगाट करणारा कॉम्प्रेसर वेगळ्या खोलीत ठेवावा, यंत्राभोवती पेटी उभारावी, मध्ये आडोसा घालावा. मोकळ्या जागेत उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तिसरा उपाय कामाच्या आखणीचा. गोंगाटाच्या जागी एकाच माणसाला दिवसभर न ठेवता पाळीपाळीने माणसे बदलावीत आणि विश्रांतीची जागा शांत असावी.

एवढे करूनही आवाज मर्यादेबाहेर राहिला, तर कानात घालावयाचे इअरप्लग किंवा कानांवर बसणारे इअरमफ वापरावेत. कापसाच्या बोळ्याने पुरेसे संरक्षण मिळत नाही. स्पंजाचे इअरप्लग घालण्याची रीत अशी : हात स्वच्छ धुवावेत, इअरप्लग बोटांत गुंडाळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, इअरप्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावा. नीट बसला असेल तर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो.

इअरप्लग सर्व वेळ घातला तरच उपयोग होतो. ३० डेसिबल आवाज अडवणारे साधन आठ तासांच्या पाळीत केवळ अर्धा तास काढून ठेवले, तर ऊर्जेच्या हिशेबाने सरासरी संरक्षण जेमतेम १२ डेसिबल उरते. भर पावसात छत्री थोडाच वेळ मिटली तरी माणूस भिजतो, तसेच हे आहे.

रंगकामात वापरल्या जाणाऱ्या टोल्युइनसारख्या काही द्रावकांच्या वाफांमुळेही कानाची इजा वाढते. अशा ठिकाणी आवाजाबरोबर हवेचीही काळजी घ्यावी लागते.

७. तपासणी आणि हक्क

श्रवणशक्तीची मोजणी ऑडिओमीटर या यंत्राने होते. शांत खोलीत बसवून वेगवेगळ्या स्वरांचे बारीक ध्वनी ऐकवले जातात आणि त्यांचा आलेख काढला जातो. आवाजाची इजा या आलेखात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खाचेच्या रूपाने दिसते. बोलणे समजण्यात अडचण येण्याच्या कितीतरी आधी ही खाच उमटते. नमुना नियमांनुसार अशा कामावर रुजू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत पहिली तपासणी व्हावी आणि त्यानंतर दर १२ महिन्यांनी ती पुन्हा व्हावी. आदल्या दिवशीच्या गोंगाटाचा परिणाम ओसरल्यानंतरच तपासणी केलेली बरी.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती. मोठ्या आवाजामुळे येणाऱ्या बधिरतेचा तिच्यात समावेश होता. त्या अधिनियमाच्या जागी आलेली ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या तिसऱ्या अनुसूचीतही हा रोग कायम आहे. असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने तो संबंधित अधिकाऱ्याला कळवावयाचा असतो.

हा रोग नुकसानभरपाईसही पात्र आहे. परंतु कायदा असणे आणि त्याचा लाभ मिळणे यांत अंतर असते. १९४८ पासून भरपाईस पात्र असलेल्या या रोगाची देशातील पहिली भरपाई १९९६ साली मिळाली, अशी नोंद या विषयाच्या अभ्यासकांनी केली आहे. जवळजवळ अर्धे शतक कोणी बहिरे झाले नाही, असा याचा अर्थ नव्हे. बहिरेपण कामामुळेच आले, हे सिद्ध करणे कठीण असते. कामावर लागताना कान चांगले होते, याचा लेखी पुरावा नसेल तर ‘हे वयोमानाने झाले’ असे म्हणून प्रश्न मिटवता येतो. म्हणून पहिल्या तपासणीचा कागद हा कामगाराचा मोठा आधार असतो. त्याची प्रत मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

लहान कार्यशाळेतील कामगाराला अशी तपासणी बहुधा कामाच्या जागी मिळत नाही. त्याने शासकीय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जावे. जबलपूर येथे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. बहिरेपणा रोखण्यासाठी केंद्र शासनाने राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमही हाती घेतला आहे.

डोळ्याला पापणी आहे; नको ते दृश्य तिच्याआड करता येते. कानाला पापणी नाही. झोपेतही तो उघडाच असतो. ती उणीव भरून काढण्याचे काम मालक, पर्यवेक्षक आणि कामगार या तिघांचे आहे. मालकाने आवाज कमी करावा, पर्यवेक्षकाने नियम पाळून घ्यावेत आणि कामगाराने मिळालेले साधन खिशात नव्हे, कानात ठेवावे. निवृत्त होताना कामगार हाती जी पुंजी घेऊन घरी जातो, तिच्यात नातवंडांचे बोबडे बोल ऐकू शकणारे कानही असले पाहिजेत.

शब्दार्थ

- बधिरता – बहिरेपणा
- केशपेशी – टोकावर सूक्ष्म केस असलेली पेशी
- आक्रसणे – आखडणे, आकुंचन पावणे
- आवाजशामक – आवाज कमी करणारे साधन
- द्रावक – दुसरा पदार्थ विरघळवणारा पदार्थ
- कर्णनाद – बाहेर आवाज नसताना कानात जाणवणारी गुणगुण

भाषाभ्यास

‘कान’ या शब्दावरून मराठीत अनेक वाक्प्रचार रूढ आहेत :

- कानठळ्या बसणे – फार मोठ्या आवाजाने कान बधिर होणे
- कानाडोळा करणे – जाणूनबुजून दुर्लक्ष करणे
- कानोसा घेणे – बारकाईने ऐकून अंदाज घेणे
- कान टवकारणे – लक्षपूर्वक ऐकण्यास सज्ज होणे
- कानावर हात ठेवणे – माहीत नसल्याचे सांगणे, जबाबदारी नाकारणे

तुम्ही काय शिकलात?

- मोठ्या आवाजाने केशपेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत.
- मनाला आवाजाची सवय होते. कानाची इजा चालूच राहते.
- आवाज जितका मोठा, तितका सुरक्षित वेळ कमी.
- उपायांचा क्रम : उगम, वाट, कामाची आखणी आणि शेवटी कानातील साधन.
- पहिल्या तपासणीचा लेखी पुरावा हक्कासाठी महत्त्वाचा असतो.

स्वाध्याय

१. ‘मनाला आवाजाची सवय होते, कानाला होत नाही’ या विधानाचे स्पष्टीकरण आठ-दहा ओळींत लिहा.
२. कायदा असूनही पहिली भरपाई मिळण्यास इतका काळ का लागला असावा? पाठाच्या आधारे लिहा.
३. तुमच्या परिसरातील गोंगाटाच्या एका कामाच्या जागेचे निरीक्षण करा आणि तेथे कोणते तीन उपाय करता येतील, ते लिहा.
४. वरीलपैकी कोणत्याही तीन वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) हातोडी, ऐरण, रिकीब. (२) मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या केशपेशी तयार होत नाहीत म्हणून.

प्रश्न – २ : (१) नाही, १०० डेसिबलच्या आवाजात संरक्षणाशिवाय दोन तासांचीच मर्यादा आहे. (२) ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी उंच स्वराची व्यंजने आधी पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात, त्यामुळे.